एक पावसाळा जाऊ द्या

पृथ्वी घडवण्याचं काम चालू असताना माझे सासरे तिथं ओव्हरसियर असते, तर तिचं शेवटचं बिल अजून निघालं नसतं. डोंगर लेव्हलला नाहीत, समुद्रात पाणी साचतंय, उतार नीट काढलेला नाही, असे शेरे मारून त्यांनी एकेक खंड पुन्हा करून घेतला असता. आणि सगळं मनासारखं झाल्यावर देवाला शांतपणे सांगितलं असतं, "एक पावसाळा जाऊ द्या, मग बघू."

हे पावसाळ्याचं प्रकरण असं, की सरकारी बांधकाम संपलं तरी ठेकेदार सुटत नाही. कामावरून एक पावसाळा जावा लागतो. तोवर काही ढासळलं, गळलं, तर त्यानं पदरमोड करून दुरुस्त करायचं. इतर ओव्हरसियर हे कलम ऑफिसात ठेवून घरी जातात. सासऱ्यांनी ते घरी आणलं. नवी चप्पल, नवा शेजारी, नवा सरपंच, पावसाळा गेल्याशिवाय ते कुणालाही चांगलं म्हणत नसत. सासूबाई सांगतात, लग्नानंतर त्यांच्या आमटीला "बरी हाय" हा शेरा मिळाला तो थेट दिवाळीत. कुणाच्या वास्तुशांतीला गेले की शिऱ्याला हात लावायच्या आधी खिशातली किल्ली काढून भिंती वाजवत हिंडायचे आणि भरल्या घरात जाहीर करायचे, "हितं प्लास्टर पोकळ हाय." यजमानाचा चेहरा पडायचा, सासूबाई पदरात तोंड लपवायच्या, आणि हे समाधानानं शिरा मागून घ्यायचे. दौंडच्या घराजवळच्या सलूनवाल्याचे थोडे पैसे ते पुढच्या कटिंगपर्यंत अनामत म्हणून राखून ठेवत. त्यानं बरीच वर्षं सोसलं. मग एकदा उजवा गाल झाल्यावर वस्तरा खाली ठेवून तो म्हणाला, "साहेब, झालेल्या कामाचं रनिंग बिल द्या. मग डावा घेतो." दुसऱ्या कुणाला राग आला असता. सासऱ्यांनी गालावरून हात फिरवून काम तपासलं आणि निम्मे पैसे काढून दिले.

पण त्यांचा खरा जीव उशिरात होता. काम लांबलं की रोजाचा दंड, त्यात दयामाया नाही. दंड टाळायला ठेकेदार मुदतवाढीचा अर्ज करायचे आणि अर्ज म्हटला की कुणीतरी वारायचंच. वडगाव रासाईच्या एका ठेकेदाराची चुलती अशीच वारली. सासरे बिचारे सांत्वनाला गेले, तर चुलतीनंच चहा करून दिला. त्यांनी तो घेतला, तिच्या गुडघेदुखीची चौकशी केली, आणि ऑफिसात येऊन अर्जावर लिहिलं, "समक्ष पाहणी केली. चुलती सुस्थितीत आहे. मुदतवाढ नामंजूर."

अशा माणसाच्या हाताखाली मी ठेकेदारीला सुरुवात केली. मी तळेगाव ढमढेऱ्याचा, परवाना कोरा करकरीत, आणि पहिलं काम निमोण्याच्या रस्त्यावर ओढ्यावरची मोरी. बिलातल्या चुका दुरुस्त करायला ते मला रविवारी दौंडला घरी बोलवायचे. दार त्यांची मुलगी उघडायची. "आबा आंघोळीला गेल्यात, बसा," एवढंच ती म्हणायची, पण तेवढ्यावर माझा आठवडा निघायचा. पुढं पुढं मी बिलात मुद्दाम एखादी चूक ठेवायला लागलो. सासरे म्हणायचे, "पोरगं मेहनती हाय, पर बेरजेत कच्चं." ती मात्र पाण्याचा तांब्या ठेवताना हसायची. तिनं माझ्या बेरजा कधीच ओळखल्या होत्या.

शेवटी माझ्या काकानं रीतसर विषय काढला. सासऱ्यांनी बराच वेळ पानाचा विडा चघळला आणि निकाल दिला, "माणूस नवा, काम बी नवं. त्या मोरीखालनं एक पावसाळा जाऊ द्या. मोरी टिकली तर माणूस टिकंल."

आता शिरूर तालुक्यात पावसाच्या भरवशावर कुणी साधी बाजरी पेरताना दहादा विचार करतो, आणि इथं माझं लग्न त्याच्यावर टाकलेलं. त्या वर्षी ढग आले, बघून गेले. ओढ्यात पोरं क्रिकेट खेळली आणि माझी मोरी त्यांची पॅव्हेलियन झाली. मी विनवलं, "साहेब, पावसाळा तर गेला." ते म्हणाले, "गेला, पर मोरीखालनं न्हाई गेला." दुसऱ्या वर्षी पाऊस झाला तो वरच्या शेतांतच जिरला. मध्येच कॅनॉलचं आवर्तन सुटलं, थोडं पाणी ओढ्यात उतरलं, तसा मी मोटारसायकलवर धापा टाकत दौंडला पोचलो. त्यांनी एका वाक्यात माझं घोडं अडवलं, "कॅनॉलचं पानी पावसाळ्यात धरत न्हाईत."

आणि त्याच सुमारास शिरूरच्या एका कारखान्यातला परमनंट मुलगा तिला बघायला येणार असल्याचं कळलं. माझ्या पायाखालची वाळू सरकली. मी गेलो, काय बोलायचं ते ठरवून गेलो आणि दारातच सगळं विसरलो. बोलली ती. वडिलांसमोर उभी राहून म्हणाली, "आबा, ह्यांचं काम पुरं झालंय. तपासणी तुमच्याकडनं अडलीया. ठेकेदारानं उशीर केला तर तुम्ही रोजाचा दंड लावता. मग खात्यानं उशीर केला तर दंड कुणी भरायचा?"

सासऱ्यांनी कपाटातून करारनाम्याच्या छापील अटी काढल्या, चष्मा लावला आणि वाचत बसले. ठेकेदाराच्या उशिराला दंड होता. खात्याच्या उशिराला ठेकेदाराला नुसती मुदतवाढ होती. खात्याला काहीच नव्हतं. उभी हयात ते कलम त्यांनी लोकांना लावलं होतं, पण दुसऱ्या बाजूनं बहुतेक त्या दिवशीच वाचलं. चष्मा काढून ते म्हणाले, "ह्ये काय बराबर न्हाई." मग माझ्याकडं वळले. "ठेकेदार, जेवढं दिवस म्या तुम्हाला थांबवलं, तेवढा दंड माझ्यावर. ठेकेदार लोक सिमिट चोरत न्हाईत तेवढं बांधकामावर मारायचं पानी चोरत्यात. रिटायर झालो की तुमच्या कामांवर मी पानी मारीन. एका दिवसाला एक दिवस."

लग्न झालं. मोरीखालून पाणी गेलं ते आम्हाला मुलगा झाल्यावर. सासरे छत्री घेऊन काठावर बघत उभे राहिले आणि घरी येऊन सासूबाईंना म्हणाले, "बरी हाय." मोरी की मी, ते त्यांनी सांगितलं नाही.

रिटायर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी ते माझ्या कामावर हजर. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून, पाइप हातात घेऊन स्लॅबला पाणी. मला लाज वाटायची, मजूर हसायचे, पण माझ्या स्लॅबला तडा गेला नाही. भिंती वाजवणं चालूच, मला ठेकेदार म्हणणं चालूच. माझी बेरीज तेव्हाही कच्ची नव्हती. त्यांचा दंड कधी फिटला ते मला ठाऊक आहे. त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

हल्ली त्यांना शिडी चढवत नाही. खाली खुर्ची टाकून बसतात आणि ओल्या भिंतीवर पाण्याची धार धरतात. नेम चुकतो, निम्मं पाणी माझ्या अंगावर येतं. परवा पाइप बंद करून त्यांनी विचारलं, "ठेकेदार, माझा दंड किती ऱ्हायलाय?"

मी म्हणालो, "लई राहिलाय, मामा."

जिवंत चुलतीची समक्ष पाहणी करून आलेला हा माणूस. पण त्यांनी हिशेब मागितला नाही. पाइपची नीट गुंडाळी करत म्हणाले, "मंग उद्या जरा लवकर येतो."