टिनाच्या पिंपातलं बियाणं

मुलांनो, परवाच्या व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, गरम दुधात ठेवलेला स्टीलचा चमचा हाताला चटका देतो, मग लाकडी का नाही देत? मी "लिहून कळवते" म्हटलं आणि विषय बदलला. कारण आजोबा शेजारी बसले होते, आणि त्या प्रश्नाचं माझ्याकडचं खरं उत्तर त्यांच्यापासून वर्षभर लपवलेलं होतं. काल ते उघड झालं. म्हणून आज लिहिते.

मागच्या वर्षी धान कापणीच्या दिवसांत आजोबांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. तुमचे बाबा सुट्टी काढून आले आणि त्यांना नागपूरला घेऊन गेले. पुढे दोन महिने आजोबा तिथेच तुमच्या आत्याकडे होते. मी बालाघाटला राहिले ती किरनापूरकडच्या आपल्या शेतातल्या धानासाठी. गाडीत बसताना आजोबा स्वतःच्या छातीबद्दल काही बोलले नाहीत. म्हणाले, "चिन्नोरच्या बियाण्याकडे लक्ष देजो."

चिन्नोर म्हणजे आपल्याकडचा बारीक, वासाचा तांदूळ. गावात बहुतेकांनी दुसरी वाणं धरली, पण आजोबा आपल्या आईच्या हातचं बियाणं दरवर्षी निवडून ठेवतात. त्यासाठी परसातल्या खोलीत एक ढोली आहे, बांबूच्या तट्ट्याची, आतून-बाहेरून शेणमातीनं लिंपलेली. मला ती कधी आवडली नाही. तिचे पोपडे पडतात, झाडून झाडून कंटाळा येतो. मी शाळेत बत्तीस वर्षं विज्ञान शिकवलं, तेही इंग्रजीतून. मला वस्तू झाकलेल्या, चिठ्ठी लावलेल्या आवडतात.

तर त्या वर्षी मी नवं टिनाचं पिंप आणलं. मळणीनंतर चार दिवस आभाळ होतं. धान वाळलंसं वाटलं तेव्हा पिंपात भरलं, झाकण घट्ट बसवलं, कडेनं चिकटपट्टी लावली आणि वर सुवाच्य अक्षरांत चिठ्ठी. फोनवर आजोबांना सांगितलं, "बियाणं अगदी व्यवस्थित आहे."

संक्रांतीला तुमची मोठी आजी, म्हणजे माझी जाऊ, गावाहून बसनं आली. तिळगूळ हातावर ठेवायच्या आधीच तिनं पिंप पाहिलं.

"काय वो मास्तरीणबाई, धानाले लाडवावानी डब्यात कोंबलं काय?"

"उंदीर लागत नाहीत, जाऊबाई."

"उंदीर नाही लागन, हौ. पण त्याले दम काहून कोंडून ठेवला? धान जितं असते."

तिनं चिकटपट्टी काढली, झाकण उचललं. झाकणाच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब होते. तिनं सळई मागितली. मी लाकडी फुटपट्टी पुढे केली.

"हे मुलांले माराले ठेव. लोखंडाची दे."

चुलीजवळची सळई तिनं धानात मधोमध खुपसली आणि आम्ही चहा घेतला. चहा संपल्यावर सळई उपसून तिचं टोक तिनं आपल्या गालाला लावलं, मग माझ्या. बाहेर स्वेटरची थंडी होती आणि ते टोक तापातल्या मुलाच्या कपाळासारखं गरम होतं.

हे मी स्वतः फळ्यावर लिहून शिकवलेलं होतं. ओलसर दाणा श्वास घेतो, श्वासानं ऊब निर्माण होते. धान उष्णता सहज पुढे जाऊ देत नाही, म्हणून मधली ऊब मधेच साठते. वर आलेली वाफ थंड टिनाला लागून पाणी होते आणि परत धानावर पडते. ढोलीची माती ती ओल पिऊन घेते, टिन पीत नाही. आणि तुमचा चमचा: लोखंड, स्टील आतली उष्णता आपल्या हातापर्यंत आणून पोचवतात, लाकूड ती फारशी येऊ देत नाही. माझी फुटपट्टी खुपसली असती तर तिनं काहीच सांगितलं नसतं.

"यांना काय सांगू?" मी विचारलं.

"आधी पाहू तं दे, सांगासारखं काही उरलं का."

पिंप रिकामं केलं. मधल्या धानाला आंबूस वास होता, कडेचं बरं वाटत होतं. दोन्ही वेगळं केलं. मी गच्चीकडे निघाले तर जाऊ ओरडली, "सिमेंटवर नको! ते तापते, दाणे भाजतीन." मग चटया घालून पातळ पसरलं, दर तासाला हात फिरवला. किती उगवतात ते पाहायला दोन्हीतले शंभर-शंभर दाणे ओल्या कापडात गुंडाळून ठेवले.

त्या दिवसांत आजोबांचा रोज फोन यायचा. मी त्यांच्या गोळ्यांचं विचारायची, ते बियाण्याचं. मी "हो, आहे" म्हणायची.

सहाव्या दिवशी कापडं उघडली. मधल्या धानाचे अकरा दाणे उगवले होते. कडेच्यांचे मी मोजले, पुन्हा मोजले: एक्याण्णव. कडेचं बियाणं वाचलं होतं, मला रडूच आलं. जाऊ म्हणाली, "आता रडू नको, कोंब ओले होतीन."

चांगलं धान वाळवून ढोलीत गेलं. पिंपात मी आता गोवऱ्या ठेवते.

काल नवं बियाणं ढोलीत भरताना जाऊ आली होती आणि तिच्या तोंडून सगळं निघालं. मी मान खाली घातली. आजोबा हसले.

"मले तं नागपूरहून आलो त्याच दिवशी समजलं. ढोली अर्धी होती."

"मग बोलला का नाहीत?"

"तुले वाईट वाटलं असतं. आन् ढोलीत धान तं होतं ना."

एवढं ऐकून वर्षभराचं ओझं उतरलं. आजोबा बरे आहेत, आज सकाळी त्यांनी स्वतः ढोलीत सळई खुपसून गालाला लावली. ती थंड होती. ढोली आता काठोकाठ आहे, आणि तिच्यात त्यांच्या आईच्या हातचं चिन्नोर आहे.