कबरीवरची चार अंडी

तव्यावर दुसरी भाकरी पडली होती, ह्यांचा डबा अर्धाच भरला होता, तेवढ्यात दारावर थाप पडली. दारात प्रयागबाई. पदर खोचलेला, चपलांना लाल मुरूम.

"शुभांगी, पंचाले अर्ज लिहाचा हाये. तेलुगूत लिही. मराठीत देल्ला का म्हणतेत, समजला नाही."

भाकरी उलटून मी वही घेतली.

प्रयागबाई दवाखान्यात तीस वर्षं आया होत्या. जन्म ख्रिस्ती घरातला, नाव मात्र आजीचं. एका पाळकांनी ते बदलायचं सुचवलं, तेव्हा म्हणाल्या की देवाला ह्याच नावाची सवय आहे, त्याला कशाला त्रास. नवरा सुधाकरराव गेल्यावर त्यांना इकडे तेलुगू मुलखात, गुडीहत्नूरच्या हायवेपलीकडे कबरस्तानात पुरलं आणि तेव्हापासून बाई तिथल्या राखणदार झाल्या. पगार नाही, फाटकाची किल्ली तेवढी बाईंकडे. दोन वर्षांमागं चर्चच्या पंचांनी गवतावर तणनाशक मारायला माणूस पाठवला, तर बाईंनी फाटकच उघडलं नाही. तीन आठवडे एकटीनं विळ्यानं गवत काढलं. कोपऱ्यातलं तेवढं ठेवलं, तिथं ससे राहतात म्हणून.

आता ईस्टर आला होता. त्या पहाटे सगळी मंडळी कबरस्तानात जमते, म्हणून आदल्या दिवशी कबरींना चुना लावतात, नवा मुरूम पसरतात. आणि ह्या वर्षी सुधाकररावांच्या कबरीवर टिटवीनं चार अंडी घातली होती. टिटवीला घरटं लागत नाही. खड्यांमध्ये खड्यांसारखीच अंडी, फावडं फिरलं की संपलं.

पंचांचा सेक्रेटरी सुरेंद्र ते पाहायला गेला, तर टिटवीनं डोक्यावर झेपा घेत त्याला पार बाभळीपर्यंत पळवलं. दम खाऊन तो म्हणाला, हे पाखरू अपशकुनी, अंडी उचलून नाल्यात टाका. बाईंनी त्याला विचारलं की तुझा बाप्तिस्मा नीट झाला होता ना, अजून शकुन पाहतोस म्हणून. तेव्हा मात्र त्यानं पंचांचा निर्णय ऐकवला. शनिवारी आड आलात तर किल्ली घेऊ, आणि नवऱ्याशेजारी तुमच्यासाठी राखलेली जागा दुसऱ्याला देऊ.

ही धमकी लहान नव्हती. त्या जागेचे चार दगड बाईंनी स्वतःच्या हातानं रोवलेत. मला एकदा दाखवायलाही नेलं होतं, नवी साडी दाखवावी तसं.

"मग तुम्ही काय म्हणालात, मावशी?"

"म्हणलं, सुरेंद्रा, प्रभू कबरीतून उठला त्या सकाळी पयल्यांदा दिसला तवा पाहनाऱ्या बाईले बागेचा माळी वाटला. त्याले त्याचा राग नाही आला. तुले राखणदारी काऊन हलकी वाटून राह्यली?"

मी सुचवून पाहिलं, अंडी हळूच उचलून शेजारी ठेवली तर? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पेन उघडलं. हलवलेल्या अंड्यांवर माय परत बसेलच ह्याचा भरवसा कोण देणार, सुरेंद्र?

लिहायला बसले. तेलुगू शाळेत शिकलेली बाई मी, आधी त्यांच्या जागेचा हक्क मांडला, इतक्या वर्षांची सेवा मांडली, मग 'कृपा करून' असं लिहिलं. त्यांनी वाचून दाखवायला लावलं आणि एकेक ओळ खोडायला सांगितली. सेवा खोड. कृपा खोड. जागेचं तर आधी खोड.

"अहो, ती जागा गेली तर?"

"कुठंबी पुरतीन मले. जागेसाठी भांडून राह्यली असं त्याईले वाटलं, तर अंड्याचं कोणी ऐकत नाही. अन् कृपा कायची? जमीन ना त्याईची, ना माही. देवाची हाये. राखाले ठेवलं आमाले, त्याईलेबी अन् मलेबी. किल्ली घ्याची तर घ्या म्हणा. शनिवारी मी कबरीपाशीच बसून राहीन, फाटकातून नाही जाऊ देल्लं तर कुंपणातून."

हे शेवटचं लिहू का, मी विचारलं. लिही, म्हणाल्या. मग सहीआधी एकच मागणं लिहायला सांगितलं:

"पिल्लं निघून चालू लागेपर्यंत सुधाकररावांच्या कबरीला हात लावू नका."