खलाससाहेबांचं बजेट

आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात देणगी जाहीर झाली की सगळा हॉल टाळ्या वाजवायचा आणि एकच माणूस हाताची घडी घालून बसून राहायचा. ते आमचे अकाउंट्सचे साहेब. शारजातली आमची शाळा बेताच्या फीची, मुलं बरीचशी इंडस्ट्रियल एरियातल्या गॅरेजवाल्यांची. फीमध्ये शाळेचं भागत नाही, फी वाढवायची सरकारी परवानगी कधी मिळते, कधी नाही, आणि उरलेला सगळा भार विश्वस्तांच्या देणगीवर. एकदा एका विश्वस्तांनी स्टेजवरून "दोन लाख दिरहम, म्हणजे आपले जवळपास पन्नास लाख!" असं जाहीर केलं, तेव्हा साहेब शेजारच्या खुर्चीतून मला हळूच म्हणाले, "टाळी वाजवली ना मॅडम, की माणसाला वाटतं, दिले पैसे. मग मागायला गेलं की त्याला राग येतो."

ते रत्नागिरीकडचे, आडनाव मुकादम. स्टाफरूममध्ये मात्र नाव खलाससाहेब. आमचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, बजेट त्याआधी ठरतं, आणि देणगी येते कधी ईदनंतर, कधी मोठ्या सुट्टीनंतर. बाजारात तुरी, असा सगळा मामला. प्रिन्सिपल मॅडम उत्साहाने नव्या लॅबचं सांगू लागल्या की साहेब विचारत, "पैसा बँकेत पडला? नाय ना? मग आज खलास. आला तर बघू." पैसा कधी आला, तरी बघू म्हणणारा माणूस लगेच बघेल अशी आशा नसे.

संशय हा त्यांचा जोडधंदा होता. सहीच्या निमित्ताने ते स्वतः दुबईला, जुमेरा लेक टॉवर्समधल्या विश्वस्तांच्या ऑफिसांत जाऊन येत. मी एकदा म्हटलं, "साहेब, ऑफिस बॉयला पाठवा की." ते म्हणाले, "रिसेप्शनवरची मुलगी तीच आहे का, ते बॉय बघणार नाय. पगार थकला की आधी ती जाते. मग कुंड्या सुकतात. देणगी त्याच्या कितीतरी नंतर." विश्वस्तांच्या ड्रायव्हरांबरोबर ते करक, म्हणजे इथला कडक दुधाळ चहा प्यायचे, तोही दोस्ती म्हणून नव्हे, असं माझं मत.

दुधाने तोंड पोळलेलं होतं हेही खरं. पूर्वी ते फुजैराच्या एका शाळेत होते. तिथे जाहीर झालेली मदत आलीच नाही आणि सुट्टीचे पगार थकून शिक्षकांना गावी जाता आलं नाही. "त्यांच्या तिकिटांचं बजेट मीच पास केलं होतं," एवढंच ते बोलले आणि त्यांनी विषय बदलला.

अशा माणसाने माझ्या वर्गात यायला सुरुवात केली तेव्हा मी सावध झाले. लिहिण्या-वाचण्यात मागे पडणाऱ्या मुलांचा विशेष वर्ग मी चालवते. मुलं थोडी, शिक्षिका तीन, म्हणजे कात्री लावायला सोयीचा. साहेब न सांगता येत, मागच्या बुटक्या खुर्चीवर गुडघे दुमडून बसत. एक मुलगी त्यांना म्हणाली, "अंकल, यू कान्ट सिट हिअर. धिस इज फॉर किड्स." ते म्हणाले, "सॉरी, बेटा," आणि तिथेच बसून राहिले. बसवाल्याला त्यांनी विचारलं, ही मुलं कुठून येतात. माझ्या सहशिक्षिकेला विचारलं, मुलांच्या आयांना फोन केला तर त्या येतात का. मी मूळची चिपळूणची. आपल्याकडचा माणूस आपल्यालाच कापणार, हे मला दिसत होतं.

आणि तसंच झालं. दोन लाख जाहीर करून वर्ष उलटलं होतं, पैशांचा पत्ता नव्हता. बजेटच्या मीटिंगमध्ये साहेबांनी स्टेजच्या नव्या साउंड सिस्टीमचा खर्च तसाच ठेवला आणि म्हणाले, "स्पेशल क्लास. खलास." मी तिथेच रडले आणि नको ते बोलले. ते शांत होते. पालकांना सर्क्युलर त्याच दिवशी गेलं पाहिजे आणि त्यात कारण सरळ लिहिलं पाहिजे, जाहीर झालेली देणगी मिळाली नाही, यावर मात्र ते हटून बसले.

पालकांनी त्यांना शिव्या घातल्या, मी मनातल्या मनात साथ दिली. मग वर्गातल्या झाडून सगळ्या आया मुलांना घेऊन त्या विश्वस्तांच्या ऑफिसात जाऊन बसल्या. "यल्ला, साब को बुलाओ, नहीं तो क्लास इधर ही लगेगा," असं एकीने सांगितलं म्हणे. क्लायंट येत होते, मुलं सोफ्यावर उड्या मारत होती. त्याच आठवड्यात पैसे बँकेत पडले.

विश्वस्तांची नाचक्की झाली, आणि साहेबांचं कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढलं नाही. व्हिसा गेला, घर आवरलं. मी भेटायला गेले आणि विचारलं, "मुद्दाम केलंत ना?" ते चिडलेच. "कसलं मुद्दाम? पैसा नव्हता. आला नसता तर वर्ग बंद केला असता, सही मीच केली असती. आभारबिभार मानू नका." ते खरं बोलत होते की माझ्यापासूनही लपवत होते, मला आजही सांगता येत नाही. त्यांची आठवण मात्र फार येते.

नवे साहेब गोड आहेत. यंदाही देणगी जाहीर झाली, अजून आलेली नाही, आणि त्यांनी ती बजेटमध्ये धरून टाकली आहे. "डोन्ट वरी मॅडम, इन्शाल्ला येईल." मी रत्नागिरीला फोन लावला.

"बँकेत आले?" त्यांनी पहिलं हेच विचारलं.

"नाही."

"मग मीटिंगमध्ये उठून सांगा, पहिला माझा वर्ग कापा. तुम्हीच सांगा."

"आणि साहेब, तरीही नाहीच आले तर?"

"तर वर्ग बंद होईल," ते म्हणाले. "तुमचा वर्ग कापला त्या आठवड्यात मला जेवण गेलं नव्हतं, मॅडम."

उद्या मीटिंग आहे. आज सकाळपासून मीही काही खाल्लेलं नाही.