कुंदाचा निळा

"मावशी, आई गेली..." कुंदाच्या मुलीचा, मुग्धाचा फोन आला तेव्हा मी रोह्याच्या बाजारात वालाच्या शेंगा घेत होते. आदल्याच दिवशी कुंदाने मला पाऊण तास फोनवर धरून ठेवलं होतं. तिला मनासारखा लाल रंग साधला होता. बोलताना तिला धाप लागत होती. ती उत्साहाची धाप आहे असंच मी समजले, कारण पन्नास वर्षं ती माझ्याशी तशीच बोलत आली होती. तिला जाऊन दीड महिना झाला आता.

डी.एड.ला आम्ही एका बाकावर होतो. मी रोह्याच्या मुलींच्या शाळेत लागले, ती लग्न होऊन पेणला गेली आणि शिकवण्याऐवजी कापड रंगवायला लागली. मागच्या पडवीत पातेल्यात रंगाचं पाणी उकळत असायचं, त्यात धरमतरकडच्या मिठागरातलं जाडं मीठ, म्हणजे रंग कापडाला धरतो. दोऱ्याने आवळून बांधलेलं सुती कापड ती त्यात बुडवायची आणि गाठी सोडताना एवढी आरडाओरड करायची की शेजारणी धावत यायच्या. "बघ गो, बघ! हे मी नाय केलं, हे आपलं आपणच आलं!" त्या कापडाचे पडदे, उशांचे अभ्रे, दिव्याच्या शेड पेणच्या घराघरांत गेल्या.

मग एकदा मुंबईत नातेवाइकाच्या लग्नाला गेलो असताना वाटेतल्या एका चर्चमध्ये आम्ही सहज डोकावलो. उंच खिडकीच्या रंगीत काचांतून ऊन आत पडलं होतं. कुंदा त्या उन्हात जाऊन उभी राहिली आणि तिच्या पांढऱ्या साडीवर लाल, हिरवे, जांभळे तुकडे उमटले. ती जागची हलेना. "न भिजवता रंगली गो साडी..." एवढंच म्हणाली. लग्नात जेवली की नाही तेही तिला आठवत नव्हतं.

पेणला परतल्यावर तिने काच कापायची हिऱ्याची पेन्सिल आणली. कापलेल्या तुकड्यांच्या कडांना तांब्याची पट्टी लावून ते डाख देऊन, म्हणजे वितळवलेल्या कथलाने, जोडायचे असतात हे तिला कळलं, पण डाख द्यायला शिकवणार कोण? ती सरळ कोपऱ्यावरच्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या चाचांकडे गेली. "बाई, हे काम चटके देतं," चाचा म्हणाले. "रंगाच्या पातेल्यानेही दिलेत," असं म्हणून ती स्टूल ओढून बसली. महिनाभरात तिची पहिली चौकट तयार झाली. दोन सांधे उघडे राहिले होते, तरी चाचांनी ती आठवडाभर स्वतःच्या दुकानात टांगून ठेवली.

आमच्या शाळेच्या सभागृहाला पश्चिमेकडे तीन खिडक्या होत्या आणि दुपारनंतर मुलींच्या डोळ्यांत ऊन जायचं. वर कुंदाच्या रंगीत काचा आणि खाली तिने रंगवलेले पडदे लावू या, असं मी सुचवलं. मुख्याध्यापिकाबाईंनी कुरकुरत होकार दिला. कुंदाने चार महिने खपून ते काम केलं. तिला खाडीवरचा सकाळचा फिकट निळा हवा होता, पण बसला तो शाईच्या दौतीसारखा गर्द निळा. सभागृहात भरदुपारी दिवे लावावे लागले. "कसं वाटतंय?" तिने विचारलं. तिचा तो फुललेला चेहरा बघून मी म्हणाले, "अगदी तुला हवं होतं तसंच झालंय."

त्यानंतर काही महिन्यांनी तिच्या दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू काढले. वयाच्या मानाने लवकरच झाले होते ते. पट्टी निघाल्यावर ती आधी पडवीत गेली आणि वाळत घातलेल्या कापडांसमोर उभी राहून हसत सुटली. "आकाश एवढं निळं होतं? आणि तुम्ही मला सांगितलंसुद्धा नाय!" डोळ्यांवरच्या पिवळट पडद्यातून बघत ती वर्षभर निळ्यावर निळा चढवत होती. दुसऱ्याच दिवशी ती रोह्याला आली. सभागृहात शिरली आणि तिचं हसू मावळलं.

"तुला दिसत होतं ना?"

मी होकारार्थी मान हलवली.

"मला दिसत नव्हतं, तो डोळ्यांचा दोष. पण तुला दिसत होतं." ती आल्या पावली परत गेली. मी चार वेळा फोन केला, तिने एकदाही उचलला नाही. माझ्या चांगुलपणाची मला लाज वाटत राहिली...

तीन महिन्यांनी एका शनिवारी शाळेच्या फाटकाशी टेम्पो थांबला. पुढच्या सीटवर कुंदा, मागे गोधड्यांत गुंडाळलेल्या तीन चौकटी. माझ्याशी चकार शब्द न बोलता तिने सुतार उभा करून त्या बसवून घेतल्या, पडदे अडकवले, मग मला दंडाला धरून मधोमध आणलं. "बोल आता."

जमिनीवर कोवळा निळा उजेड पसरला होता, सुंदर, आणि या वेळी खरंच तिला हवा होता तसा. तरी मी म्हणाले, "छान आहे. पण डावीकडचा हिरवा... तो डोळ्यांत खुपतोय."

कुंदाने डोळे बारीक करून बघितलं, टाळी वाजवली आणि मला घट्ट मिठी मारली. "खुपतोयच! मेला चार दिवस मला छळतोय तो!" पुढच्या शनिवारी तो तुकडा बदलला. त्या दिवशी मुली सभागृहातून हलेनात, एकमेकींच्या ओढण्या उजेडात धरून बघत होत्या. मुख्याध्यापिकाबाईसुद्धा पदर पसरून उभ्या राहिल्या.

गेल्या आठवड्यात पेणला गेले. कामाच्या खोलीत टेबलावर कुंदाची अर्धी झालेली चौकट होती, गावच्या वाचनालयासाठी. मुग्धा पदर खोचून म्हणाली, "मावशी, मी डाख देते, तू काच काप." मी आयुष्यात कधी काच कापली नव्हती. कुंदाची पेन्सिल हातात घेतली, रेघ ओढली, दाबलं... आणि तुकडा भलतीकडेच तुटला, थेट एखाद्या बदकासारखा! मुग्धाने तो उचलून खिडकीशी धरला. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि दीड महिन्यात पहिल्यांदा त्या घरात कोणीतरी मोठ्याने हसलं. मग मी दुसरी काच घेतली.