बॅटरीची पूजा

चावी फिरवली, तर गाडी म्हणाली, ‘टक्’.

एवढंच. समोरचे लाल-पिवळे दिवे सगळे लागलेले, हॉर्नही वाजत होता, इंजिन मात्र गप्प. मी पुन्हा फिरवली. टक्. शेजारी बायको बसली होती. मांडीवर पारदर्शक पाकीट, त्यात हॉलतिकीट, आधार कार्ड आणि दोन काळी बॉलपेनं. तिचे ओठ हलत होते, बालमानसशास्त्राची शेवटची उजळणी चालली होती. तिसऱ्या ‘टक्’ला ओठ थांबले.

रविवारचे साडेआठ वाजले होते. दहाला परीक्षा केंद्राचं फाटक बंद होणार होतं, आणि आमचं घर अक्कलकोट रोडला तर केंद्र पार शहराच्या दुसऱ्या टोकाला, पुणे रोडला. एकवीस वर्षं पोरांना शिकवून झाल्यावर बाईंना सांगण्यात आलं होतं, की तुम्ही शिकवायला पात्र आहात हे आता परीक्षा देऊन दाखवा. नाहीतर नोकरीचं काही खरं नाही. दोन महिने ती पहाटे चारला उठत होती. मला काम एकच, तिला वेळेवर पोचवणं. तेही मी हट्टानं मागून घेतलेलं. ‘घरची गाडी असताना रिक्षा कशाला?’ हे मी त्या आठवड्यात चारदा तरी म्हणालो असेन.

“रिक्षा बघू का?” तिनं विचारलं.

“पाच मिनिटं थांब.”

गाडीतलं मला काय कळतं? पेट्रोल कुठून भरायचं, ते. तरी मी खाली उतरलो, चाकाला एक लाथ मारली, गंभीर चेहऱ्यानं पुन्हा आत बसलो. टक्.

आवाज ऐकून समोरचे अण्णा चहाचा कप घेऊनच आले. त्यांचं आयुष्य यंत्रमाग दुरुस्त करण्यात गेलं. मशीन कुठलंही असो, ते आधी मान वाकडी करून ऐकतात.

“चावी चावी काय करतो? पुढचे लाइट लाव. हां. आता फिरव.”

मी फिरवली. टक्. आणि समोरच्या भिंतीवर पडलेला उजेड विझत आल्यासारखा झाला.

“बघ. लाइटला थोडा करंट पुरतो. इंजिन फिरवायला लई लागतो, तो मधीच कुठंतरी अडतोय. बॉनेट उघड.”

उघडलं, आणि मला सगळं आठवलं.

दसऱ्याला गाडी धुऊन पुसून दारात लावली होती. मी बॉनेटवर स्वस्तिक काढायला लागलो, तर आई म्हणाली, “वरनं हळदकुंकू लावून काय व्हतंय? जीव आत हाय की.” आईचं गाव मोडनिंबकडचं. तिथं विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारीचीसुद्धा अशी पूजा व्हायची, की मोटार दिसू नये. मग बॅटरीला हळदकुंकू वाहिलं, नारळाचं पाणी शिंपडलं. झेंडूची माळ सारखी घसरत होती, म्हणून मी पाना आणून बॅटरीवरची वायरची पकड सैल केली, माळेचा दोरा तिच्या आत घालून वर पुन्हा आवळली. या हुशारीचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. सतरा जणांनी हात जोडले होते.

आता तिथं वाळकी फुलं होती, पकडीत दोरा तसाच होता आणि भोवती हिरवट-पांढरी बुरशीसारखी पुटं चढली होती.

“हे कुणी केलं रे?” अण्णा.

“सर्व्हिसिंगवाल्यांनी काहीतरी...”

“आरं, तूच की!” आई पायरीवरून ओरडली. “फोटो बी काढलास!”

“अहो, रिक्षा...”

“पाच मिनिटं!”

अण्णांनी आधी काळी वायर सोडवायला लावली, मग लाल. आईनं गरम पाण्यात खायचा सोडा घालून दिला आणि घासायला ब्रश. घासून झाल्यावर कळलं, तो माझा रोजचा होता. पुटं सुटेनात. दोरा बोटांनी ओढला, तुटला, उरलेला चिमट्यानं काढला. घड्याळाकडे बघायची हिंमत होत नव्हती. सगळं कोरडं पुसलं, लाल वायर, मग काळी, पकडी करकचून आवळल्या.

चावी फिरवली. गाडी एका झटक्यात सुरू झाली. नऊ वाजून दहा मिनिटं.

“चल, बस!” मी ओरडलो.

बाजूची सीट रिकामी होती.

“ती गेली की मगाशीच,” आई म्हणाली. “बरोबर नऊला रिक्षा आलती कोपऱ्यावर. तिनं कालच सांगून ठिवलं व्हतं.”

मी गाडी तशीच दामटली. तिचा मोबाइल घरीच होता, आत नेऊ देत नाहीत म्हणून. ती रिक्षाही वाटेत कुठं टक् म्हणाली असेल तर? दिसेल त्या रिक्षात मी वाकून बघत होतो. केंद्रावर पोचलो तेव्हा फाटक बंद होत होतं. पहारेकऱ्याला विचारलं, “निळी साडी, चष्मा, आत गेल्या का?”

“साहेब, सगळ्याच मास्तरणी हायत. निम्म्या निळ्या, समद्यांना चष्मा. तुमची कुठली, मी कसं वळखू?”

मग मी झाडाखाली गाडी लावली, पण बंद केली नाही. बंद करायचं धाडसच झालं नाही. चहावाला दोनदा येऊन म्हणाला, “बंद करा की, लई धूर हुतोय.” मी मान डोलवली आणि पेट्रोलचा काटा खाली येताना बघत राहिलो. ती आत असेल, तर बरं. नसेल, तर घरी कुठल्या तोंडानं जाऊ, हे ठरत नव्हतं.

एक वाजून गेल्यावर फाटक उघडलं. बऱ्याच निळ्या साड्यांनंतर आमची आली. पाकीट तसंच छातीशी धरलेलं.

“कसा गेला पेपर?”

“दोन पेनं नेली ते बरं झालं.” तिनं गाडीकडे बघितलं. “सुरू झाली?”

“केव्हाच.”

“मग बंद का नाही केलीत?”

तेवढ्यात मागं एक रिक्षा येऊन थांबली. परतीचीही तिनं सांगून ठेवली होती. ती माझ्या शेजारी बसली, दार लावलं, आणि खिडकीतून मान बाहेर काढून रिक्षावाल्याला म्हणाली, “मामा, तुम्ही घरापर्यंत जरा मागनंच या.”