मंगळवारचा प्रयोग

दुष्काळाच्या साली मुरूमच्या आमच्या नाट्यमंडळानं पुण्याच्या नाट्यसंयोजन शिबिराला माझ्या मित्राला धाडलं. दहा वर्षं पडदे बांधले मी, अन् शिकायला गेला तो! महिन्यानं तो कामांचा भलामोठा तक्ता घेऊन आला अन् तालमीच्या खोलीत भिंतीवर लावला. जळफळाटानं मी त्याकडं नीट पाहिलंसुद्धा नाही.

"प्रयोग मंगळवारी ठेवू का?" त्यानं विचारलं.

दर मंगळवारी आमचा संबळवाला तुळजापूरला देवीपुढं असायचा, हे मला पक्कं ठाऊक होतं.

"ठेव की," मी म्हणालो.

संबळाविना प्रयोग पार तोंडावर आपटला. मला लई बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी मी स्वतःच तो तक्ता भिंतीवरून उतरवला. 'खात्री कुणाकडून केली' या रकान्यात वरपासून खालपर्यंत माझंच नाव होतं.