लुब्ल्यानाला पोचवायची पेटी

आमच्या इमारतीत कुणाला कुठं जायचं असलं की आधी दुसऱ्या मजल्यावरच्या रोस्विता पेत्सोल्ड यांची घंटी वाजते. हल्ली फोनवर सगळं दिसतं, तरी वाजते. मी त्यांच्या वरच राहतो, मीही वाजवली आहे. मागं एकदा मला बहिणीकडे क्राकोला जायचं होतं. दारात उभ्याउभ्याच विचारलं, "विमानानं जाऊ, की बसनं?"

"पाठ कशी आहे तुमची?" बाईंनी उलट विचारलं.

"दुखते."

"आणि बहिणीशी पटतं?"

"पटतं म्हणजे... ठीक आहे."

"मग आगगाडीनं जा. विमानानं गेलात तर सकाळीच पोचाल आणि दुपारपर्यंत भांडून मोकळे व्हाल. बसनं गेलात तर दोन दिवस तिच्या सोफ्यावर आडवे पडाल. गाडी बरोबर संध्याकाळच्या जेवणाला पोचवते. पहिल्या जेवणाला कुणी भांडत नाही."

मी गाडीनं गेलो. भांडण तिसऱ्या दिवशी झालं, पण तो दोष गाडीचा नव्हता.

रोस्विताबाई लाइपत्सिगच्या स्टेशनात परदेशी तिकिटांच्या खिडकीमागे चव्वेचाळीस वर्षं बसल्या. पहिल्या चौदा वर्षांत त्या खिडकीतून लोक प्रागला जात, बुडापेस्टला जात, फार तर काळ्या समुद्रावर. त्यापलीकडची तिकिटं मागायला कुणी येत नसे, कारण तेव्हाच्या पूर्व जर्मनीतून तिकडं जायला परवानगीच नव्हती. पण टेबलावर उशीएवढं जाड वेळापत्रक असे आणि त्यात अख्खा युरोप छापलेला असे. गिऱ्हाईक नसलं की बाई ते वाचत. बाझलला कुठली गाडी किती मिनिटं थांबते, बार्सिलोनाला जाताना डबा कुठं बदलावा लागतो, सगळं तोंडपाठ. त्यांचे यजमान वीलांट शाळेत गणित शिकवायचे. ते चिडवायचे, "ज्या घरात आपल्याला कुणी बोलावलेलं नाही, तिथला जेवणाचा बेत पाठ करून काय मिळतं गं तुला?"

"बघायला काय जातं?" एवढंच त्या म्हणायच्या.

बर्लिनची भिंत पडल्यावर दोघं पहिल्यांदा पॅरिसला गेले ते मात्र बसनं. तेव्हा आमच्याकडून सगळे बसनंच जात होते, ते स्वस्त पडायचं. वीलांटना आयफेल मनोरा बघायचा होता. बाई आधी तिथल्या पूर्वेकडच्या स्टेशनात शिरल्या आणि फलाटावर दीड तास उभ्या राहिल्या. पाठ केलेल्या गाड्या खरंच त्या त्या वेळेला येतात का, ते त्यांना बघायचं होतं. "सहापैकी चार आल्या," त्यांनी मला सांगितलं. "मला वाटलं होतं तिकडं सगळ्या येत असतील."

पुढं एका एप्रिलमध्ये आइसलंडचा ज्वालामुखी फुटला आणि राखेमुळं युरोपभरची विमानं जमिनीवर बसली. स्टेशनात पाय ठेवायला जागा नव्हती. त्या गर्दीतून एक टाय लावलेला, घामाघूम माणूस खिडकीशी आला. हातात निळी पेटी. म्हणाला, "बाई, उद्या दुपारच्या आत स्वीडनला, गोथेनबर्गला."

"रांगेतल्या सगळ्यांनाच उद्या कुठंतरी पोचायचंय. पेटीत काय आहे?"

त्यानं आधी नकारार्थी मान हलवली. मग खिडकीला तोंड लावून हळूच सांगितलं. कुणा अनोळखी माणसानं दान केलेल्या रक्ताच्या मूळ पेशी होत्या. तिकडं एका रोग्याची स्वतःची अस्थिमज्जा औषधांनी पार मारून टाकलेली होती. पेटी वेळेत पोचली नाही तर त्याच्याजवळ काहीच उरत नव्हतं. बाईंनी रांग थांबवली, कागद घेतला आणि लिहून दिलं: रॉस्टॉकपर्यंत गाडी, तिथून बोट, पलीकडं उतरल्यावर बस. बसचा थांबा कुठल्या बाजूला, तेसुद्धा. माणूस पळाला. त्याचं पुढं काय झालं ते कधी कळलं नाही, आणि तेच बाईंच्या डोक्यात बसलं.

वीलांट गेले, नोकरी संपली. महिन्याभरात बाईंनी त्या पेट्या पोचवणाऱ्या संस्थेचा पत्ता शोधून काढला. हे काम बहुतेक निवृत्त माणसंच करतात. नियम कडक असतात. पेटी स्वतःपासून दूर करायची नाही, विमानतळावर क्ष-किरणांच्या यंत्रात घालू द्यायची नाही, दारू नाही, आत काय आहे त्याची चर्चा नाही. दान देणारा कोण, घेणारा कोण, हे कधीच सांगितलं जात नाही. पेशी बहात्तर तास टिकतात, पण जितक्या लवकर तितकं बरं.

आता तीन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरची गोष्ट. ड्रेस्डेनहून पेटी उचलायची आणि स्लोव्हेनियात लुब्ल्यानाला पोचवायची. पावणेनऊचं विमान, फ्रँकफर्टला बदल, दुपारी एकला हजर. सकाळी साडेसहाला पेटी ताब्यात आली, सव्वासातला बाई विमानतळावर. आणि बाहेर धुकं असं की धावपट्टीचे दिवेही दिसेनात. फलकावर एकेक विमान पुढं ढकललं जात होतं. त्यांनी संस्थेच्या मारेइकेला फोन लावला. मारेइके तिशीची, हुशार, सगळ्या पेट्यांची आखणी तीच करते.

"अर्धा तास थांबा, पेत्सोल्डबाई. मग ठरवू."

"अर्ध्या तासानं ठरवायला काही उरणार नाही. आठ वाजून दहाची प्रागची गाडी निघून जाईल. पुढची दोन तासांनी. ती घेतली तर लिन्त्सला बदलायची गाडी चुकते, आणि मग आज पोचणं नाही."

"अहो, पण विमान उडालं की साडेचार तासांत तिथं!"

"उडालं तर."

"धुकं नऊपर्यंत विरेल म्हणतायत."

"कोण म्हणतंय? इथला माणूस म्हणतो दुपारशिवाय काही खरं नाही. मारेइके, विमानाचं कसं असतं, थांबलं की ते पूर्ण थांबतं. गाडी उशीर करते, पण उशीर करत करत का होईना, पुढं सरकते. मला सरकत राहायचंय."

मारेइकेनं गाड्यांच्या वेळा पडताळल्या. मग, "जा. पण प्रत्येक स्टेशनातून फोन करा. आणि पेटी हीटरजवळ ठेवू नका."

"ते मला कळतं गं, पोरी."

आठ दहाची गाडी मिळाली. गाडी नदीकाठानं प्रागकडं निघाली आणि तासाभरात धुकं सरून समोर लख्ख ऊन. असं ऊन ड्रेस्डेनलाही पडलं तर विमान उडणार, हे बाईंच्या लक्षात आलं. प्रागच्या फलाटावरून फोन केला तर मारेइके चाचरत म्हणाली, "पेत्सोल्डबाई... ते विमान उडालं. साडेनऊलाच."

आता परत फिरण्यात अर्थ नव्हता. बाईंनी मला सांगितलं, "चव्वेचाळीस वर्षं मी दुसऱ्यांचे प्रवास ठरवले. चुकले तर ते चुकायचे, मी खिडकीमागं. त्या दिवशी पहिल्यांदा माझीच चूक मांडीवर घेऊन बसले होते."

प्रागहून पुढच्या गाडीत समोर एक म्हातारे झेक आजोबा बसले होते. त्यांच्या पायाशी झाकणाची बादली. नाताळ जवळ आला होता, आत त्या जेवणासाठीचा जिवंत कार्प मासा होता. गाडी वळली की बादलीत चुबुक व्हायचं. आजोबांना मोडकंतोडकं जर्मन येत होतं.

"माझ्याकडं मासा. तुमच्याकडं?"

"सांगता येत नाही."

"म्हणजे मासाच! आमच्यापेक्षा मोठा असणार."

बाईंना हसू आलं. मग त्यांनी विचारलं, "आजोबा, हा मासा बसनं का नाही नेला? तुमच्या गावाला बस लवकर जाते."

"जाते ना. पण बसवाला हिंदकळवतो. मासा घाबरला की चव जाते म्हणतात. मला उशीर चालतो, त्याला हिसके चालत नाहीत." मग पेटीकडं बघून म्हणाले, "तुमच्याला काय चालत नाही?"

"उशीर."

"अरेरे. मग गाडीनं का आलात?"

बाईंनी पेटी जरा जवळ ओढली. आजोबा बुडेयोवित्सेला उतरले. उतरताना त्यांनी पेटीच्या झाकणावर हळूच दोन थापट्या मारल्या, बादलीवर मारत होते तशाच.

लिन्त्स, साल्झबुर्ग, मग डोंगर. प्रत्येक ठिकाणाहून फोन. पेटीवरचा तापमानाचा आकडा पाच अंशांवर स्थिर होता, बाई दर दहा मिनिटांनी बघत होत्या. संध्याकाळी सात वाजता फिलाखला गाडी थांबली ती थांबलीच. बर्फानं बोगद्याच्या तोंडाशी झाड आडवं झालं होतं. प्रवाशांना बाहेर काढून बसमध्ये बसवत होते. ड्रायव्हर बोरुत नावाचा, दाढीवाला, आडव्या अंगाचा स्लोव्हेनियन.

"बाई, पेटी खाली सामानात."

"ही माझ्या मांडीवर राहील."

"सगळ्यांच्याच पेट्या मांडीवर ठेवल्या तर मी माणसं खाली ठेवू का? द्या इकडं."

बाईंनी सीमेवर दाखवायचं पत्र काढलं. ते पाच भाषांत असतं. बोरुतनं आपल्या भाषेतला भाग ओठ हलवत वाचला, टोपी मागं सरकवली आणि पहिल्या सीटवर बसलेल्या माणसाला म्हणाला, "उठा राव, मागं जा." बाईंना तिथं बसवलं, स्वतःच त्यांचा पट्टा लावला.

बर्फात तो जपून चालवत होता. जरा वेळानं त्यानं विचारलं, "कुठल्या दारानं जायचंय तुम्हाला? रुग्णालयाला बारा दारं आहेत."

"स्टेशनातून टॅक्सी करेन."

"टॅक्सी कशाला?" त्यानं ध्वनिक्षेपक उचलला आणि मागच्या लोकांना सांगितलं की बस आधी रुग्णालयाकडून जाईल, दहा मिनिटं जास्त लागतील, कुणाची हरकत आहे का. मागून एकजण कुरकुरला, "माझी बायको स्टेशनात थंडीत उभी आहे हो."

"तिला फोन करून सांगा, कॉफी प्या म्हणावं!" बोरुत ओरडला. बस हसली. कुरकुरणाराही फोन लावायला लागला.

बाई नंतर मला म्हणाल्या, "इतकी वर्षं मी बसला नावं ठेवली. पण माणसाच्या शब्दावर रस्ता बदलते ती एकटी बसच. गाडीला रूळ, विमानाला मार्ग आखलेला. त्यांना किती गळ घातली तरी ती वळत नाहीत."

पावणेनऊला बस मागच्या दाराशी थांबली. आतून एक डॉक्टर धावत आल्या, कोट घातलेला पण पायात घरातल्या सपाता. त्यांनी पेटी घेतली, आकडा बघितला, सही केली. "चला, बरं झालं," त्या म्हणाल्या. "ती सकाळपासून दर तासाला विचारतेय." मग आपण नको ते बोलून गेलो हे लक्षात आलं तशा पेटी घेऊन घाईनं आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी घरी परतायला विमान होतं. लुब्ल्यानाच्या विमानतळावर बाईंनी पहिलं काम काय केलं असेल, तर खिडकीवरच्या मुलीला विचारलं, "काल फ्रँकफर्टचं विमान किती वाजता उतरलं?"

"उशिरानं, पावणेतीनला. तुमचं कुणी होतं का त्यात?"

"मीच असायला हवी होते," बाई म्हणाल्या.

सहा तास. पेटीतल्या पेशींसाठी सहा तास. घरी आल्यावर त्यांनी संस्थेला दीड पान लिहून पाठवलं: निर्णय माझा होता, हट्ट माझा होता, पुढं पेट्या द्यायच्या की नाही ते तुम्ही ठरवा. आणि दोन दिवस जिन्यात कुणाशी बोलल्या नाहीत. मी सूप घेऊन गेलो तर दार अर्धंच उघडलं.

"चुकलात असं वाटतं का तुम्हाला?" मी विचारलं.

"तेच तर कळत नाही. सव्वासातला जे माहीत होतं त्यावरून बरोबर. साडेनऊला जे झालं त्यावरून चूक. यातलं कुठलं धरायचं?"

तिसऱ्या दिवशी मारेइकेचा फोन आला. तिनं लुब्ल्यानाला अधिकृतपणे विचारलं होतं. पेशी उत्तम होत्या, त्याच रात्री चढवल्या गेल्या होत्या. दुपारी आल्या असत्या तर संध्याकाळी चढवल्या असत्या, एवढाच फरक.

"आणि पेत्सोल्डबाई, दीड पान लिहिलंत, पण बसवाल्याचं नाव नाही लिहिलंत. त्याला आभाराचं पत्र पाठवायचंय."

"बोरुत. आडनाव विचारायचं राहिलं बघ." मग बाईंनी हळूच विचारलं, "पुढं मला बोलावणार का?"

"जानेवारीत पोर्तो आहे. तिकीट विमानाचं. पण धुकं पडलं तर आधी तुम्हालाच विचारणार, मग ठरवणार."

यंदा त्या सत्तर वर्षांच्या झाल्या आणि संस्थेच्या नियमानं थांबल्या. तोवर आणखी अठरा पेट्या पोचवल्या, चौदा विमानानं, चार गाडीनं. कुणाचंही नाव कळलं नाही. कुठल्याच रोग्याबद्दल काही कळलं नाही, एक लुब्ल्यानाची सोडून. तिच्याबद्दल एकच शब्द हाती आहे, 'ती'. एवढ्यावरून बाई बरंच काही ठरवत बसतात. दर तासाला विचारते म्हणजे धीर नसलेली, म्हणजे तरुण असावी. की म्हातारी असेल? म्हातारी माणसंसुद्धा दर तासाला विचारतात. परवा जिन्यात मला थांबवून म्हणाल्या, "शाळेतली मास्तरीण असेल का हो ती? मास्तरणींना उशीर खपत नाही."